बेताच्या पैशांत टिकणारा मोबाइल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गणपती झाले की दसरा-दिवाळीच्या सवलतींच्या जाहिराती सुरू होतात आणि या सदराकडे मोबाइलविषयीचे प्रश्न येऊ लागतात. जुना फोन साथ सोडत आहे, हाताशी रक्कम बेताची आहे आणि दुकानात गेल्यावर जे ऐकायला मिळते त्यातले किती खरे मानावे हे कळत नाही, असा या पत्रांचा सूर असतो. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील बराचसा भाग इतरांच्याही उपयोगाचा आहे.

प्रश्न : मी निवृत्त कारकून असून सदाशिव पेठेत राहतो. माझा फोन पाच वर्षांपूर्वीचा आहे. दुपारपर्यंत त्याची बॅटरी संपते, 'जागा शिल्लक नाही' असे वारंवार दिसते आणि आता बँकेच्या ॲपने 'या फोनवर लवकरच सेवा बंद होईल' अशी सूचना दिली आहे. व्हॉट्सॲप, यूपीआय, पीएमपी व मेट्रोचे तिकीट, नातवंडांचे फोटो आणि नोव्हेंबरातील हयातीचा दाखला एवढ्यासाठीच मला फोन लागतो. पंधरा हजारांच्या वर जाण्याची तयारी नाही. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, जावई 'रॅम बघा' म्हणतात. मी नेमके काय पाहावे?

उत्तर : आपण तीन तक्रारी एकत्र लिहिल्या आहेत, परंतु त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. बॅटरी दुपारीच संपणे हे पाच वर्षांच्या फोनच्या बाबतीत स्वाभाविक आहे. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची क्षमता उतरू लागते आणि रोज चार्ज होणाऱ्या फोनमध्ये ही वेळ दोन-तीन वर्षांतच येते. अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घेतली, तर नव्या फोनच्या किमतीच्या लहानशा हिश्शात काम भागते. जागेचा प्रश्नही पुष्कळदा घरच्या घरी सुटतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडले, की कोणत्या ग्रुपने किती जागा अडवली आहे ते मोठ्याकडून लहानाकडे अशा क्रमाने दिसते. शुभप्रभातची चित्रे आणि पुढे ढकललेले व्हिडिओ तेथूनच एकदम काढून टाकता येतात. आपल्याला एवढ्या दोनच अडचणी असत्या, तर आपण नवा फोन घेऊच नये, असा सल्ला आम्ही दिला असता.

फोन बदलण्याचे खरे कारण आहे ती बँकेची सूचना. अँड्रॉइडमध्ये सापडणारे सुरक्षेचे दोष गूगल नियमितपणे दुरुस्त करत असते. पण ती दुरुस्ती आपल्या फोनपर्यंत पोहोचवण्याचे काम फोन बनवणाऱ्या कंपनीचे असते आणि कंपनी ते काम ठरावीक वर्षेच करते. ती मुदत संपली की फोन बाहेरून धडधाकट दिसत असला, तरी त्यातील दोष उघडे राहतात. व्हॉट्सॲप बऱ्याच जुन्या अँड्रॉइडवरही चालते, बँकांची ॲप्स मात्र त्याआधीच थांबतात, आणि ते योग्यच आहे. ज्या फोनवर निवृत्तिवेतनाचे पैसे हाताळायचे, त्या फोनच्या बाबतीत आमच्या मते ही एकच कसोटी बाकी सगळ्यांच्या आधी लावली पाहिजे : या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट आणखी किती वर्षे मिळणार आहेत?

येथे एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. ही मुदत मॉडेल बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आपण ते विकत घेतल्याच्या दिवसापासून नव्हे. समजा, चार वर्षांचे आश्वासन असलेला एखादा फोन दोन वर्षांपूर्वी आला आणि आज तो सवलतीत नऊ हजारांना मिळत आहे. आपल्या वाट्याला त्यातील दोनच वर्षे येतात, म्हणजे वर्षाला साडेचार हजार रुपये पडले. त्याच काउंटरवर चौदा हजारांचा असा फोन असेल की ज्याची चार वर्षे बाकी आहेत, तर त्याचा हिशेब वर्षाला साडेतीन हजारांवर येतो. किमतीच्या पाटीपेक्षा हा भागाकार महत्त्वाचा आहे. घरी जमाखर्च लिहिणाऱ्या आपल्यासारख्या गृहस्थांना तो सहज करता येईल आणि दुकानातील गर्दीत तो विसरू नये, म्हणून घरूनच कागदावर मांडून न्यावा.

कंपन्यांची धोरणे याबाबत फार वेगवेगळी आहेत. सॅमसंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या फोनला सहा वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले, म्हणजे तो २०३० पर्यंत चालावा. त्याची सुरुवातीची किंमत आपल्या मर्यादेच्या वर होती. त्याच कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजारांच्या आसपास आणलेल्या गॅलेक्सी एम०६ ५जी या फोनला चार वर्षांचे आश्वासन आहे. हे फोन घ्यावेत असे सुचवण्यासाठी ही उदाहरणे दिलेली नाहीत. स्वस्त फोनलाही चार-सहा वर्षे मिळू शकतात, हे आपल्याला माहीत असावे आणि केवळ दोन वर्षांवर आपण समाधान मानू नये, एवढ्यासाठी दिली आहेत. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावासह ही माहिती शोधावी. ती स्पष्ट शब्दांत कोठेच दिलेली नसेल, तर तो फोन यादीतून काढून टाकावा. दुकानात मांडलेल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'च्या खाली सुरक्षा-अपडेटची तारीख दिसते. ती सात-आठ महिने जुनी असेल, तर कंपनी आश्वासन कसे पाळते याचा अंदाज तेथेच येतो.

यानंतर पाहावी ती साठवणूक, म्हणजे स्टोरेज. ६४ जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीची स्वतःची ॲप्सच जागेचा मोठा हिस्सा आधीच घेऊन बसलेली असतात, आणि जागा भरत आली की फोन 'हँग' होऊ लागतो. १२८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. साठवणुकीचा प्रकारही विचारावा : बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी असते, तर थोड्या बऱ्या फोनमध्ये यूएफएस असते. ईएमएमसीला एका वेळी वाचणे किंवा लिहिणे यांपैकी एकच काम करता येते, यूएफएसला दोन्ही एकत्र करता येतात. त्यामुळे मागे अपडेट उतरत असताना पुढे यूपीआयचा पडदा अडकून बसणे, हा प्रकार यूएफएसच्या फोनमध्ये कमी होतो.

आपल्या जावयांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याला एक पुरवणी जोडावी लागेल. ६ जीबी रॅम, म्हणजे चालू असलेल्या ॲप्ससाठी लागणारी तात्पुरती स्मृती, आपल्या कामांना पुरेशी आहे. खोक्यावर '६ अधिक ६' किंवा '१२ जीबीपर्यंत' असे लिहिलेले असते, तेव्हा त्यातील दुसरा आकडा खऱ्या रॅमचा नसतो. साठवणुकीतील काही जागा रॅमसारखी वापरण्याची ती सोय आहे आणि साठवणूक रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. त्या दुसऱ्या आकड्यासाठी एक रुपयाही अधिक मोजू नये.

मेगापिक्सेलविषयी मात्र आम्हाला दुकानदारांच्या सांगण्याचा खेद वाटतो. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि मागे दिसणाऱ्या तीन डोळ्यांपैकी एक-दोन अनेकदा २ मेगापिक्सेलचे, संख्या वाढवण्यापुरते असतात. नातवंडांचे फोटो घरात, संध्याकाळच्या उजेडात काढायचे असल्याने दुकानातच थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात एखादा फोटो काढून तो मोठा करून पाहावा; चेहरा पुसट दिसतो की स्पष्ट, हे आपल्या डोळ्यांना लगेच कळेल. हयातीच्या दाखल्यासाठी 'जीवन प्रमाण' व 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप्स लागतात आणि चेहरा टिपण्यासाठी ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो, त्यामुळे त्यासाठी महाग कॅमेऱ्याची काहीही गरज नाही.

पडदा भर उन्हात पाहावा. दुकानातील दिव्यांखाली सगळेच पडदे छान दिसतात. स्वारगेटच्या थांब्यावर दुपारी बाराला तिकिटाचा क्यूआर कोड दिसला नाही, तर त्या छान दिसण्याचा उपयोग नाही. फोन दुकानाच्या दारापर्यंत नेऊन पाहू द्यावा, असे निःसंकोच सांगावे. त्याच वेळी अक्षरांचा आकार वाढवून आणि भाषा मराठी करून पाहावी, म्हणजे वाढवलेली अक्षरे पडद्यात नीट मावतात का हे समजेल.

प्रश्न : मी कर्वेनगरला घरगुती डबे पुरवते. मुलगा अकरावीला गेला, त्याला फोन हवा आहे. सहा-सात हजारांत नवा घ्यावा की बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या बाजूला मिळतो तसा वापरलेला चांगल्या कंपनीचा घ्यावा? वापरलेल्या फोनमध्ये फसगत होईल अशी भीती वाटते.

उत्तर : आपली भीती रास्त आहे, पण ती योग्य तपासणीने बरीच कमी करता येते. सहा-सात हजारांच्या अगदी नव्या फोनमध्ये बहुधा कमी रॅम, संथ साठवणूक आणि अल्प मुदतीचे अपडेट मिळतात. त्याच पैशांत दोन वर्षे वापरलेला, मुळात पंधरा हजारांचा फोन पुष्कळदा अधिक चांगले काम देतो. अट एवढीच की त्याच्या अपडेटची किमान दोन वर्षे बाकी असली पाहिजेत आणि विक्रेत्याने आपल्याला अर्धा तास तपासू दिले पाहिजे. जो घाई करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

सर्वप्रथम फोनवर *#०६# डायल करावे. पडद्यावर पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. खोक्यावरील आणि मूळ बिलावरील क्रमांक त्यांच्याशी जुळले पाहिजेत. त्यानंतर आपल्या फोनवरून इंग्रजीत 'केवायएम' ही तीन अक्षरे, मध्ये एक जागा आणि तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवावा किंवा दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो क्रमांक टाकून पाहावा. उत्तरात तो काळ्या यादीत, बनावट अथवा आधीच वापरात असल्याचे आले, तर किंमत कितीही उतरवली तरी तो फोन घेऊ नये. चोरीचा फोन पुढे बंद होतोच आणि पोलिसांपुढे खुलासा देण्याची वेळ आपल्यावर येते.

दुसरी तपासणी आम्हाला तितकीच महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक जण करत नाहीत. विक्रेत्याला आपल्यासमोर फोन 'फॅक्टरी रीसेट' करायला, म्हणजे त्यातील सगळे पुसून तो मूळ स्थितीत आणायला सांगावे आणि फोन पुन्हा सुरू होईपर्यंत तेथेच थांबावे. आधीच्या मालकाने आपले गूगल खाते काढलेले नसेल, तर फोन सुरू होताना त्याच जुन्या खात्याचा किंवा त्याच्या लॉकचा पासवर्ड मागतो आणि तो दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. ही चोरीपासून संरक्षण देणारी व्यवस्था आहे. 'घरी गेल्यावर होईल', 'आमचा माणूस काढून देईल' असे कोणी सांगितले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. हप्त्यांवर घेतलेल्या काही फोनमध्ये कर्ज देणाऱ्या कंपनीचे कुलूप-ॲप बसवलेले असते, तेही याच वेळी उघडे पडते.

आता पडदा. पेठेतील दुरुस्तीवाले ज्याला 'फोल्डर' म्हणतात तो, काच आणि डिस्प्ले मिळून असलेला भाग बदललेला आहे का, हे ओळखता आले पाहिजे. मूळ पडदा ॲमोलेड (गडद काळा रंग दाखवणाऱ्या प्रकारचा) असलेल्या फोनला स्वस्तातला नकली पडदा बसवला, की काळा रंग राखाडी दिसतो, तिरके पाहिल्यास रंग बदलतात आणि पडद्याखाली बोटाचा ठसा घेणारा सेन्सर असेल तर तो चालेनासा होतो. म्हणून बोटाचा ठसा नोंदवून, दोन-तीन वेळा उघडून पाहावा. मग कीबोर्ड उघडून सगळ्या अक्षरांवरून बोट फिरवावे, पूर्ण पांढरे चित्र उघडून डाग अथवा रेषा दिसतात का ते पाहावे, आपले सिम दोन्ही खाचांत घालून एकेक फोन लावावा, आणि चार्जर जोडून वायर हलकेच हलवावी. चार्जिंग थांबत-सुरू होत असेल, तर पिन सैल झालेली आहे. मागचे झाकण कडेला किंचित उचललेले असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते.

हे सगळे नीट निघाले, तरी दुकानाचे नाव, दोन्ही आयएमईआय आणि किमान महिन्याभराची हमी लिहिलेले बिल घ्यावे. बॅटरी बदलावी लागेल असे गृहीत धरून तेवढे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.

प्रश्न : मी नांदेडहून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात आलो आहे. घरून येणाऱ्या पैशांत एकदम फोन घेणे शक्य नाही. 'नो कॉस्ट ईएमआय' घ्यावा का? आणि ५जी खरोखर लागते का?

उत्तर : 'नो कॉस्ट' या शब्दांवर विसंबू नये. बँक हप्त्यांवर व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता किमतीत सूट म्हणून दाखवतो. व्याजावरील १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया-शुल्क मात्र बहुधा आपल्या खिशातून जाते, शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत आपल्याला मिळत नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावले होते. तेव्हा रोखीची किंमत आणि सर्व हप्त्यांची शुल्कासह बेरीज, दोन्ही लिहून घ्यावे. फरक दोन-तीनशेंचा असेल आणि हप्ता चुकणार नाही याची खात्री असेल, तर हरकत नाही. मेसचे किंवा अभ्यासिकेचे शुल्क थकवून हप्ता भरावा लागणार असेल, तर आणखी चार महिने थांबावे, हे आम्ही आपुलकीने सांगतो. चुकलेल्या हप्त्याची नोंद आपल्या नावावर राहते आणि पुढे शैक्षणिक कर्ज घेतानाही ती आडवी येऊ शकते.

अभ्यासाच्या व्हिडिओंसाठी ४जी पुरते. परंतु फोन चार वर्षे वापरायचा असेल, तर ५जी असलेलाच घ्यावा, फक्त एक बारकावा पाहावा. जिओने आपले ५जी 'स्टँडअलोन' (स्वतंत्र जाळ्याच्या) पद्धतीने उभारले, तर एअरटेलने सुरुवातीपासून मुख्यतः 'नॉन-स्टँडअलोन' म्हणजे 'एनएसए' (४जीच्या आधाराने चालणारी) पद्धत वापरली. अगदी स्वस्त ५जी फोनांपैकी काहींना पहिलीच पद्धत चालते. आपले सिम एअरटेलचे असेल, तर तपशीलात 'एनएसए' ही अक्षरे आहेत का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

प्रश्न : मी हडपसर भागात घरपोच सामान पोहोचवतो. पावसात फोन भिजतो. 'वॉटरप्रूफ' स्वस्तात मिळतो का?

उत्तर : 'वॉटरप्रूफ' या शब्दाऐवजी आयपी क्रमांक, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी पाहावी. आयपी५४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटांपर्यंत. आपल्या कामाला पहिलाही चालेल, मात्र त्यासोबत पारदर्शक पाऊच ठेवावा. फोन एकदा उघडून दुरुस्त केला की मूळचे संरक्षण तसेच राहील असे धरू नये, आणि पाण्याने बिघडलेला फोन सामान्यतः वॉरंटीत बसत नाही. ओल्या पिनेला चार्जर कधीही लावू नये.

प्रश्न : माझ्या आईसाठी नवा फोन आणला आहे. जुन्यातील सगळे नव्यात कसे न्यावे आणि जुन्याचे काय करावे? (वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : घाईने जुना फोन पुसून टाकू नये, नवा नीट सुरू झाला आहे याची खात्री होईपर्यंत आठवडाभर तरी तो तसाच ठेवावा. व्हॉट्सॲपचे संभाषण नव्या फोनवर नेण्यासाठी दोन्ही फोन एकाच वाय-फायवर घेऊन जुन्या फोनच्या व्हॉट्सॲप सेटिंग्जमधील 'ट्रान्सफर चॅट्स' हा पर्याय वापरावा आणि क्यूआर कोड स्कॅन करावा. गूगल ड्राइव्हवरील बॅकअप हा दुसरा मार्ग आहे, परंतु तो आता गूगल खात्याच्या १५ जीबी मोफत जागेत मोजला जातो, त्यामुळे फोटो पुष्कळ असतील तर तो अपुरा पडतो.

यूपीआय नव्याने नोंदवावे लागते. बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम नव्या फोनमध्ये असले पाहिजे, कारण पडताळणीचा संदेश त्याच सिमवरून जातो. नोंदणीनंतर पहिले २४ तास व्यवहारांवर कमी मर्यादा असते; म्हणून वीजबिल किंवा औषधांचे मोठे देणे त्याच दिवशी करायचे असेल, तर ते आधी जुन्या फोनवरून उरकून घ्यावे. बँकेचे ॲप केवळ प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. 'नव्या फोनची नोंदणी करून देतो' असे सांगणारा फोन आईंना आला, तर तो लगेच ठेवून द्यावा, आणि चुकून पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

जुना फोन विकायचा अथवा कोणाला द्यायचा असेल, तर आधी सेटिंग्जमधील 'अकाउंट्स'मधून गूगल खाते काढावे, सिम व मेमरी कार्ड बाहेर काढावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावा. हा क्रम उलटा झाला, तर घेणाऱ्याला फोन उघडता न येण्याची शक्यता असते. फोन अगदीच निकामी झाला असेल, तर तो रोजच्या सुक्या कचऱ्यात टाकू नये. बॅटरी दाबली गेली किंवा तिला भोक पडले, तर ती पेट घेते आणि तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्यांना इजा होते. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडून ई-कचरा वेगळा गोळा केला जातो. आपल्या घरी येणाऱ्या सेविकेकडे त्याविषयी चौकशी करावी, आणि बॅटरी फुगलेली असेल तर ते तिला देतानाच स्पष्ट सांगावे.